देवीच्या हातातला खराटा

कस्तुरीअक्कानं देवीचा अपमान केला असं म्हणणारी माणसं आमच्या बेंगळूरच्या राजाजीनगरात अजून आहेत. त्यातली निम्मी माझ्या हातचा चहा पिऊन गेलेली आहेत, म्हणून तर जास्त संताप येतो. मी नयना. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात आणि रविवारचा मुलांचा मराठीचा वर्ग मी घेते. गेल्या दसऱ्याला जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. थोडं माझ्या हातूनही झालं. तेही सांगणार आहे, लपवणार नाही.

आधी अक्का कोण ते सांगते, कारण व्हिडिओ बघून बोंबलणाऱ्या एकालाही ते माहीत नव्हतं.

अक्का मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं पोरं शिंकून शिंकून बेजार व्हायची. अक्का बाविसाव्या वर्षी बेंगळूरला आली आणि पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका छोट्या कारखान्यात लागली. यंत्रांचे सुटे भाग मोजून बघायचे, बसतात का नाही ते ठरवायचं, नाही बसले तर परत पाठवायचे. बत्तीस वर्षं तेच केलं. केसाच्या जाडीचा फरक तिच्या बोटाला कळतो. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "अगं, वेळ कुठं झाला?" आणि हसते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. एका खोलीत ती राहते आणि दुसऱ्या खोलीत रांगोळी राहते. वस्त्रगाळ केलेल्या रंगांचे डबे जमिनीपासून छतापर्यंत.

दर नवरात्राला मंडळाच्या हॉलमध्ये अक्काची मोठी रांगोळी असते. बारा फूट बाय बारा फूट. तीन-चार दिवस ती गुडघ्यावर असते, चिमटीतून रंग सोडत. तिची एक रीत होती. देवीचा चेहरा ती कॅलेंडरातून कधीच घ्यायची नाही. "देवीला कुणाचा तरी चेहरा लागतोच," ती म्हणायची, "मग त्या नटीचा कशाला? आपल्यातल्या कुणाचा तरी घ्यावा." एका वर्षी सरस्वतीला आमच्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापक बाईंचा चेहरा दिला. दुसऱ्या वर्षी अन्नपूर्णेला देवव्रतच्या आईचा.

हा देवव्रत म्हणजे आमचा सेक्रेटरी. पुण्याचा, एका कंपनीत मॅनेजर, वय चाळीस, बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. आईचा चेहरा अन्नपूर्णेला दिसल्यावर ह्या पठ्ठ्यानं हॉलभर पेढे वाटले होते. वर्षभर तो फोटो त्याच्या फोनवर होता. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या? एकाच्याही नाहीत!

आता गंगव्वा. गंगव्वा आमची गल्ली झाडते. अथणीकडची बाई, अठरा वर्षं याच गल्लीत खराटा मारतेय. साडीवर ते हिरवं जाकीट, कपाळावर गोंदण, डाव्या भुवईवर व्रण, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. गल्लीत तिनं प्यायला पाणी मागितलं तर देतात, नाही असं नाही. पण जुन्या प्लास्टिकच्या बाटलीतून देतात आणि ती बाटली परत घेत नाहीत. आमच्या घरीही असंच चालायचं. खोटं कशाला बोलू?

अक्काची तिच्याशी दोस्ती होती. सकाळी साडेसहाला अक्का पीण्याच्या बसला निघायची, तेव्हा गंगव्वा कोपऱ्यावर असायची. दोघी टपरीसमोर उभ्यानं चहा प्यायच्या. अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि हसणं मात्र पूर्ण. एकदा अक्कानं तिला विचारलं, "तुझा चेहरा काढू का गं?" गंगव्वा म्हणाली, "माझा? कशावर काढतेस, पोलिसाच्या वहीत?" तरी उभी राहिली, अक्कानं मोबाईलवर दोन फोटो काढले. कशाचं चित्र होणार ते काही सांगितलं नाही. "दसऱ्याला ड्युटी संपली की हॉलवर ये, तेव्हा बघ," एवढंच सांगितलं.

खंडेनवमीला इथं आयुधपूजा किती जोरात असते ते बेंगळुरातल्या माणसाला सांगायला नको. पीण्यात लेथ मशीनला हार, रस्त्यात रिक्षाला केळीचे खांब, चाकाखाली लिंबं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळद-कुंकू. अक्कानं त्या वर्षी हेच घेतलं. अष्टभुजा देवी काढली आणि आठही हातांत आयुधं दिली, ती पोट भरण्याची. एका हातात मापाचा गेज, एकात पकड, एकात कोयता, एकात पळी, एकात सुई-दोरा, तव्यावरचं उलथणं, गवंड्याची थापी. आणि पुढच्या उजव्या हातात, जिथं त्रिशूळ असायचा तिथं, खराटा. हिरवं सोनेरी काठाचं लुगडं, मागं पिवळं तेज. चेहरा गंगव्वाचा. गोंदण, व्रण, चमक्या, सगळं. डोळे तिनं नेहमीप्रमाणं शेवटी उघडले. बाई गं, काय सांगू! त्या डोळ्यांत बघून माझ्या अंगावर काटा आला. सकाळी जी माझ्या दारात केर गोळा करते तीच ही, आणि अठरा वर्षांत मी तिच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

अष्टमीच्या संध्याकाळी लोक आले, आ वासून बघत राहिले, फोटो काढले. नवमीच्या दुपारी कुणीतरी व्हिडिओ फिरवला. मागं ढोल-ताशा आणि खाली अक्षरं: झाडूवालीला देवी केली, हिंदूंनो जागे व्हा. रात्रीपर्यंत अक्काच्या फोनवर इतक्या शिव्या आल्या की तिनं फोन डब्यात घालून झाकण लावलं. देवीच्या नावानं आई-बहिणीवरून शिव्या! ही भक्ती!

दसऱ्याच्या सकाळी नऊला चंदन हॉलवर आला. चंदन हा आमच्याच भागातला पोरगा, तिशीचा. दहा-बारा जणांचं पथक बाळगून आहे, स्वतःला धर्माचा राखणदार म्हणवतो. कानडीतून बोलत होता, मी मराठीत सांगते. "बारा वाजायच्या आत हे पुसायचं. आणि बाईनं लेखी माफी मागायची. नाहीतर पुढचं आमच्याकडे लागलं."

त्याच्यामागोमाग हॉलच्या मालकाचा माणूस आला. त्याचं म्हणणं, भांडण नको, स्वल्प ॲडजस्ट माडी. थोडं सांभाळून घ्या म्हणे! आणि जाता जाता सांगून गेला की गडबड झाली तर हॉल पुढच्या महिन्यापासून मिळणार नाही.

देवव्रतनं लॅपटॉप उघडला. "कस्तुरीताई, हा सेन्सिटिव्ह इश्यू आहे. एक छोटासा अपॉलॉजीचा ड्राफ्ट करू. तुम्ही फक्त सही करा."

अक्का रांगोळीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. पायाला मुंग्या आलेल्या, बोटं अजून पिवळी. म्हणाली, "करते की. पण काय चुकलं ते नीट लिहा. त्याच्याशिवाय सही कशी करू? मी माल तपासणारी बाई आहे, काय बिघडलंय ते लिहिल्याशिवाय शेरा मारत नाही."

देवव्रतनं टाइप केलं, देवीच्या हातात झाडू दाखवून. मी म्हटलं, "अहो, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून हळद-कुंकू कोण वाहतं? तुमच्या घरी वाहतात, मी बघितलंय. केरसुणीला पाय लागला तर पाया पडता ना?"

"ती घरातली असते. हा रस्त्यावरचा खराटा आहे, नयनाताई."

"म्हणजे घरातली लक्ष्मी आणि रस्त्यावरची अवदसा?"

त्यानं ते खोडलं. मग लिहिलं, देवीला सामान्य स्त्रीचा चेहरा देऊन. अक्का शांतपणे म्हणाली, "तुमची आई सामान्य नव्हती का हो?" त्यानं तेही खोडलं. मग बराच वेळ बोटं नुसती त्या बटणांवर ठेवून बसला. चंदन उभा, त्याची पोरं उभी, सगळ्यांना माहीत होतं घोडं कुठं पेंड खातं ते. झाडणाऱ्या जातीतल्या बाईचं तोंड आहे म्हणून, एवढंच ते वाक्य होतं. पण ते लिहायची छाती कुणाची होईना! मनात ठासून भरलेलं, तोंडावर उघड दिसणारं, आणि कागदावर मात्र येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "लिहा की! लिहा, आम्हाला गंगव्वाचा विटाळ होतो! खाली तुमची सही करा!"

देवव्रतनं लॅपटॉप मिटला. "माफीचं नंतर बघू. आधी हे पुसून घेऊ."

अक्का उठून उभी राहिली. "रांगोळी पुसायचीच असते देवव्रत. दगडात कोरलेली नाही ती. दर वर्षी मीच पुसते, माझ्या हातानं, आणि रंग तुळशीत घालते. आजही पुसेन. पण गंगव्वा दोनला सुटते. तिनं एकदा बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. बारा नाही, अडीच. एवढंच मागते."

अडीच तास! दुसरं काही मागितलं नाही तिनं. पुरस्कार नको, पाठिंबा नको, बक्षीस नको. ज्या बाईचा चेहरा आहे तिनं तो एकदा बघावा, बस.

चंदन म्हणाला, "बारा."

मग तमाशा सुरू झाला. पुसणार कोण? चंदननं एका पोराकडे बघितलं. पोरगं चप्पल काढून कडेपर्यंत गेलं आणि थबकलं. "अण्णा, देवीवर पाय कसा ठेवू?" दुसऱ्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला, म्हणे डोळे बघतायत. चंदन देवव्रतला म्हणाला, तुमचं मंडळ, तुम्ही पुसा. देवव्रत म्हणाला, माझी टेक्निकली पूजा झालीय, घट बसलेत घरी. मला तशाही रागात हसू फुटलं. सकाळपासून जे ओरडत होते की ही देवीच नव्हे, त्यांच्यातल्या एकालाही तिला हात लावायची हिंमत होईना. ह्यांच्या भीतीनंच ती देवी आहे हे कबूल केलं होतं!

पण हसले ते चुकलं. देवव्रत बाजूला जाऊन फोनवर बोलला. झाडणाऱ्यांच्या मुकादमाचा नंबर होता त्याच्याकडे. "एक जण पाठवा, हॉल साफ करायचाय, अर्जंट." झाडणारी आली की ती झाडेल, पाप तिच्या माथी. ही त्यांची अक्कल. आणि आमची गल्ली कुणाची, तर गंगव्वाची. तिला झाडताना रोज बघणाऱ्या देवव्रतला तीच येणार हे सुचलं नव्हतं की सुचूनही त्यानं केलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोन्हींतलं काय जास्त वाईट, तेही कळत नाही.

पावणेबाराला गंगव्वा दारात आली. हिरवं जाकीट, हातात खराटा. चपला बाहेर काढल्या. "एल्लि?" म्हणाली. कुठं झाडायचंय? चंदननं बोट दाखवलं.

ती दोन पावलं पुढं आली आणि थांबली. ती बघत राहिली. आधी खराट्याकडे, मग आपल्या हातातल्या खराट्याकडे, मग वर चेहऱ्याकडे. तिचा डावा हात आपसूक भुवईवरच्या व्रणाकडे गेला. अक्का तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "हेच दाखवायचं होतं गं तुला."

"माझं?"

"तुझं."

गंगव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिनं जाकिटाला पुसलं नाही, पदर काढून पुसलं. मग वळली आणि कानडीतूनच, पण सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "अठरा वर्षं तुमचं सगळं झाडलं. कुत्री मेली ती उचलली. हे मी झाडणार नाही. झाडायचं तर तुम्ही झाडा." आणि खराटा चंदनच्या पायापाशी आडवा ठेवला.

चंदननं तो उचलला नाही. पाय मागं घेतला, शिवू नये म्हणून.

मला वाटलं, जिंकलो. मूर्ख मी!

देवव्रत माझ्याजवळ आला. आवाज एकदम खाली. "नयनाताई, हॉल गेला तर तुमचा वर्ग गेला. सव्वीस मुलं आहेत ना? आणि चंदन म्हणतोय कस्तुरीताईंच्या कारखान्यावर मोर्चा नेतो. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत त्यांची. तुम्हीच विचार करा." मग रुमालानं मान पुसत म्हणाला, "केवढं उकडतंय इथं. जरा हवा खेळू दे. पंखे लावता का?"

त्या हॉलमध्ये पाच दिवस पंखा लागला नव्हता. रांगोळी असली की लावतच नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिंतीवर तीन मोठे पंखे, तिन्हींचं तोंड रांगोळीकडे, आणि बटणं माझ्या पाठीशी.

त्यानं पुसा म्हटलं नाही. त्यानं पंखे लावा म्हटलं. आणि मी, जिनं थोड्या वेळापूर्वी छाती फुटेस्तोवर आरडाओरडा केला होता, त्या मी मागं हात नेला आणि तिन्ही बटणं दाबली. मुलांसाठी केलं, अक्काच्या नोकरीसाठी केलं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. खोटं आहे. मी घाबरले होते. मी शेण खाल्लं.

आधी पिवळं तेज उडालं. मग लुगड्याचा हिरवा. अक्कानं "अगं अगं" केलं आणि धावत जाऊन चेहऱ्याच्या कडेला बसली, पंख्यांकडे पाठ करून. तिच्या शेजारी गंगव्वा बसली. दोघींनी पदर ताणून धरले. हात गेले, गेज गेला, कोयता गेला, खराटा गेला. चेहरा मात्र त्या दोघींच्या आडोशाला राहिला. रंग त्यांच्या पाठीवर, केसांत, तोंडात. चंदनची पोरं मोबाईल धरून बघत होती. मी पण बघत होते. बटणं माझ्या खांद्याजवळ होती, एक वीतभर अंतर. माझा हात हलला नाही.

दहा मिनिटं बसल्या असतील. मग गंगव्वाचा फोन वाजला. मुकादम होता, आवाज बाहेर ऐकू येत होता. अजून दोन गल्ल्या राहिल्यात, आत्ता निघ, नाहीतर उद्यापासून येऊ नको. गंगव्वानं एकदा खाली त्या चेहऱ्याकडे बघितलं, अक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. तिच्या बाजूचा आडोसा गेला, तसा आधी व्रण गेला, मग डोळे.

"झालं," देवव्रत म्हणाला. "कुणीच पुसलं नाही. टेक्निकली वाऱ्यानं गेलं." चंदननं त्याच्याशी हात मिळवला. माफीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

अक्का माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तुळशीत घालायला फरशीवर चिमूटभर रंगही उरला नव्हता, सगळा दारातून बाहेर गेला होता. तिनं फक्त आपले रिकामे डबे पिशवीत भरले आणि गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. रांगोळीचे रंग पीण्यातल्या एका पोरीला देऊन टाकले असं ऐकलं. माझा वर्ग चालू आहे. सव्वीसची सत्तावीस मुलं झाली, कुणाला कौतुक करायचं असेल तर करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दार उघडलं. आमचं घर हॉलच्या समोरच. पंख्यांनी सगळा रंग पायऱ्यांवरून रस्त्यावर लोटला होता. अख्खी गल्ली हिरवी-पिवळी झाली होती. आणि गल्ली कुणाची, ते मघाशी सांगितलंच. गंगव्वा वाकून ते झाडत होती. जे कालच्या दिवसात तिच्याकडून कुणाला करवून घेता आलं नव्हतं, ते ती आता करत होती, पगारी, वेळेवर, गुपचूप.

मी घरातली केरसुणी घेऊन खाली धावले. "ठेव गंगव्वा, तू ठेव. मी झाडते."

तिनं मान वर केली नाही. रंगाचा ढीग सुपात ओढला, गाडीत टाकला.

"आता कशाला, नयनाक्का?" ती म्हणाली. "काल पंखा बंद करायचा होता."

आणि गाडी ढकलत पुढच्या घरासमोर गेली.